चर्चबाहेर तारण नाही, मग सासूबाईंचं काय?

प्रश्न: मी वसईचा कॅथलिक, बायको हिंदू, बाप्तिस्मा घेतलेला नाही. सासूबाई गणपतीच्या आधी गेल्या. पंधरा दिवस झाले नाहीत तर चुलतभावाने फॅमिली ग्रुपवर क्लिप टाकली, म्हणे 'चर्चबाहेर तारण (म्हणजे मुक्ती) नाही' हीच खरी शिकवण आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962-65, जगभरच्या बिशपांची सभा) ती गुंडाळून ठेवली. बायकोने पण बघितली, तेव्हापासून गप्पच आहे. खरं काय? आणि सासूबाईंसाठी मिस्साचं इंटेंशन देता येतं का, म्हणजे त्यांच्या नावाने चर्चमधली उपासना अर्पण करायला सांगता येतं का?

उत्तर: शेवटचं आधी सांगतो. येतं. चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन 901, एका ओळीचं आहे, धर्मगुरू कोणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतो, जिवंत असो वा मृत. कॅथलिकच हवा असं त्यात नाही. फक्त नाव मोठ्याने वाचायचं का, ते फादरांना विचारून घ्या.

आता क्लिप. ते वाक्य भावाने घरी बनवलेलं नाही हे मान्य करायला हवं, तिसऱ्या शतकातल्या बिशप सिप्रियनपासून ते चालत आलंय, आणि 1442 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने तर मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी सगळ्यांची नावं घेऊन सांगितलं की मरण्याआधी चर्चमध्ये आले नाहीत तर सार्वकालिक अग्नी. वाचायला कडक आहे, आणि 'त्यांना तसं म्हणायचं नव्हतं' असं म्हणून सारवासारव करणारे मला पटत नाहीत.

पण शिकवण तिथेच थांबली नाही. ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्येच बाप्तिस्म्याच्या बरोबरीने तो घेण्याची 'इच्छा'ही धरली, आणि पोप नववे पायस, जे काही फार उदारमतवादी नव्हते, त्यांनी 1863 मध्ये लिहिलं की ज्याला स्वतःचा दोष नसताना सत्य कळलंच नाही पण जो प्रामाणिकपणे जगतो, त्याला देवाच्या कृपेने तारण मिळू शकतं.

भाऊ जे म्हणतोय तेच अमेरिकेत फादर लेनर्ड फीनी म्हणायचे, हार्वर्डच्या शेजारी केंब्रिजमध्ये. पाण्याचा बाप्तिस्मा नाही तर काही नाही. 8 ऑगस्ट 1949 ला रोमहून बोस्टनच्या आर्चबिशपांना पत्र गेलं की हा अर्थ चुकीचा, चर्चमध्ये येण्याची नकळत असलेली इच्छाही चालते, मात्र तिच्यात श्रद्धा आणि प्रेम हवं. फीनींना 1953 मध्ये बहिष्कृत केलं ते रोमला बोलावूनही गेले नाहीत म्हणून, शिकवणीसाठी नाही, आणि 1972 मध्ये परत घेतलं तेव्हा मत मागे घ्यायला लावलं नाही. त्यांची मंडळी यावर अजून बोट ठेवतात, आणि मुद्दा अगदीच फुसका नाहीये. पण पत्र काही रद्द झालेलं नाही.

तुमच्या बायकोला जे टोचलंय ते जुनं आहे हो. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे त्या फ्रान्सिस झेवियरनी 1552 मध्ये जपानबद्दल लिहिलंय, नवे ख्रिस्ती विचारायचे आमच्या आईबापांना नरकातून सोडवता येईल का, आणि नाही म्हटल्यावर रडायचे. झेवियरनी ते लिहून ठेवलं, पण उत्तर काही बदललं नाही. आज कोणी फादर असं उत्तर देणार नाहीत. सासूबाई तरल्या असं छातीठोक सांगणार नाहीत, पण आशा ठेवा आणि प्रार्थना करा असं नक्की म्हणतील.

भावाशी ग्रुपवर भांडू नका, त्याला फक्त पत्राची तारीख पाठवा. व्हॅटिकन परिषद सुरू व्हायला तेव्हा 13 वर्षं होती, म्हणजे ही शिकवण परिषदेची नाही, तिच्या आधीची. आणि इंटेंशन लिहायला पॅरिश ऑफिसात जाल तेव्हा बायकोला सोबत न्या, आईचं नाव तिलाच लिहू द्या.