थकवा हाही रचनेचाच भाग

प्रश्न : जर्मन नृत्यरचनाकार पीना बाउश यांची ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ ही नृत्यरचना आफ्रिकी नर्तकांनी सेनेगलच्या किनाऱ्यावर सादर केल्याची चित्रफीत पाहिली. त्यांची धाप ऐकून जीव कासावीस झाला. माझी मुलगी अंधेरीला समकालीन नृत्य शिकते. तिच्या संस्थेतही अशीच एक जुनी, दमछाक करणारी रचना नव्याने बसवली जात आहे. मूळ प्रयोगाचे चित्रीकरण असताना हा त्रास पुन्हा कशासाठी?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, परंतु ज्या धापेने तुम्ही अस्वस्थ झालात, ती या रचनेत हेतुपूर्वक आणलेली आहे. रशियन संगीतकार स्ट्राविन्स्की यांच्या संगीतावर बाउश यांनी 1975 मध्ये जर्मनीतील वुपर्टाल येथे ही रचना बसवली, तेव्हा रंगमंचावर पीटची, म्हणजे दलदलीत कुजलेल्या वनस्पतींची, काळपट माती पसरलेली होती. तीत पाय रुततो, घामावर ती चिकटते आणि प्रत्येक उडीला अधिक बळ लागते. या रचनेतील वसंतविधीत बळी म्हणून निवडलेल्या तरुणीचे एकल नृत्य अगदी शेवटी येते, म्हणजे समूहासोबत नाचून तिचे शरीर आधीच थकलेले असताना. तो थकवा अभिनयाने आणला, तर रचना खोटी पडते.

चित्रफितीवरून हालचालींचा क्रम कळतो. वजन कुठे टाकायचे, श्वास कुठे सोडायचा, हे मात्र ती रचना नाचलेल्या व्यक्तीकडूनच शिकावे लागते. म्हणूनच 14 आफ्रिकी देशांतील त्या नर्तकांच्या तालमींसाठी मूळ संचातील जोसेफिन अ‍ॅन एंडिकॉट यांना बोलावण्यात आले. रशियन नर्तक निजिन्स्की यांनी 1913 मध्ये पॅरिसला याच संगीतावर बसवलेले नृत्य थोड्याच प्रयोगांनंतर विस्मरणात गेले आणि 1987 मध्ये रेखाटने, टिपणे व आठवणी जुळवून ते पुन्हा उभे करावे लागले. शरीराकडून शरीराकडे जाणारी साखळी तुटली की काय गमावले जाते, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

कष्ट म्हणजे केवळ वेग, असेही नाही. आपल्या महाराष्ट्रातील वाडा येथे जन्मलेल्या नृत्यरचनाकार चंद्रलेखा यांच्या 2001 मधील ‘शरीर’ या रचनेत अतिशय संथ हालचाली दीर्घकाळ तोलून धरायच्या असतात, आणि ते धावण्याइतकेच अवघड असते.

मात्र हा थकवा झेलता येईल असे शरीर घडवणे ही संस्थेची जबाबदारी आहे, आणि तिथे तुम्ही निःसंकोचपणे चौकशी करावी. मुंबईत पुष्कळ तालमी काँक्रीटवर बसवलेल्या लाद्यांवर होतात. अशा जमिनीवर सतत उड्या मारल्यास नडगीच्या हाडावर फार ताण येतो. खाली लवचीक लाकडी जमीन आहे का, संपूर्ण रचना रोज सलग करून घेतात की ताण हळूहळू वाढवतात, विश्रांतीचा दिवस असतो का, हे विचारा. स्नायूंचे सर्वसाधारण अंगदुखणे दोन-तीन दिवसांत ओसरते. परंतु हाडावर एकाच जागी दुखत असेल किंवा रात्रीही ठणकत असेल, तर मलम चोळून तिला तालमीला पाठवू नका. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि त्या काळात तिच्या जागी कोण नाचेल हे संस्थेने आधीच ठरवले आहे ना, याचीही खात्री करून घ्या.