फिरून तिथंच आलं म्हणून खोडलं

मी मुलांचं समुपदेशन करते. मार्च लागला की माझ्यासमोरच्या खुर्चीत एकच वाक्य येऊन बसतं. तोंडं तेवढी बदलतात. "मॅडम, बारावीला गणितात नव्वदच्या वर होते, पहिलं सेमिस्टरही निघालं, पण एम-टूमधलं काहीच कळत नाही. मला झेपणारच नाही का हे?" गणिताच्या या दुसऱ्या पेपराला इंजिनीअरिंगची पोरं एम-टू म्हणतात, बी.एस्सी.वाली कॅल्क्युलस. इंटिग्रेशन, म्हणजे डिफरन्सिएशनची उलटी क्रिया, दोघांच्याही मानगुटीवर बसलेलं असतं.

जळगावात अशी बरीच मुलं येतात. त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. तिला स्वाती म्हणू, नाव अर्थात खरं नाही. घर रावेरकडचं, केळीवाल्यांचं. ती इथं होस्टेलला. सोबत तिचे आप्पा आले होते, पिशवीत केळीची फणी घेऊन. "मॅडम, पोरगी रात्र रात्र वह्या घेऊन बसते आन् सकाळी रडते. परवा म्हणे, कॉलेज सोडते." त्यांच्या हिशेबी एका विषयात गेली म्हणजे अख्खं वर्ष पाण्यात. एटीकेटी म्हणजे काय, तो विषय पुढच्या वेळी पुन्हा कसा देता येतो, हे समजावलं तेव्हा कुठे ते खुर्चीला टेकून बसले. नियम कॉलेजात विचारून घ्या, एवढंही सांगितलं.

त्यांना बाहेर बसवून मी स्वातीला सरळ विचारलं, जीव नकोसा वाटतो का? या प्रश्नाला आडवळण नको. ती "नाही" म्हणाली. तरी तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून दिला. रात्री दोनलाही लागतो.

त्या दिवशी मी चूकच केली म्हणायची. झोप, वेळापत्रक, मोबाइल बाजूला, अशी नेहमीची पुडी बांधून दिली. पंधरा दिवसांनी स्वाती आणखी उतरलेल्या चेहऱ्याने आली. वेळापत्रक तंतोतंत पाळलं होतं बिचारीने. तेव्हा म्हटलं, "पुढच्या वेळी रफ वही आण. फेअर नको." मानसशास्त्राकडे वळण्याआधी मी गणितात बी.एस्सी. केलेलं, म्हणून हे धाडस.

रफ वहीची निम्मी पानं फाडलेली. "चुकलेलं पान दिसलं की पोटात गोळा येतो," म्हणाली. उरलेल्यात एक गणित सापडलं: ई-रेझ्ड-टू-एक्स गुणिले साइन एक्सचं इंटिग्रेशन. बारावीत याचं तयार सूत्र पाठ होतं, चाचणीत ते आठवेना. मग तिने बाय पार्ट्स, म्हणजे गुणाकाराचं इंटिग्रेशन तुकड्यांनी करायची पद्धत, लावलं, साइनचं कॉस झालं. पुन्हा लावलं, कॉसचं साइन झालं. म्हणजे मूळ प्रश्नच परत समोर, फक्त वजा चिन्ह लागून. तिथं तिने सगळ्यावर मोठी आडवी काट मारलेली.

"का खोडलंस गं?"

"फिरून तिथंच आलं ना मॅडम. म्हटलं, चुकलंच."

मी त्याच काटेखाली पेन्सिलीने लिहिलं: मूळ प्रश्नाला आय म्हण. आय बरोबर ई-रेझ्ड-टू-एक्स कंसात साइन वजा कॉस, वजा आय. तो वजा आय डावीकडे आण. दोन आय. दोनाने भाग, शेवटी अधिक सी. संपलं. स्वाती त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिली. "एकच ओळ राहिली होती?"

मला सगळं त्या काटेतच दिसलं. बारावीपर्यंत या मुलांना प्रश्नाचा टाइप ओळखायला शिकवलेलं असतं. टाइप ओळखला की उत्तर ठरलेलं, आणि अडलं म्हणजे येत नाही. त्यात क्लासवाले आयएमपीच्या याद्या वाटतात; त्या याद्यांवर माझा राग आहे, असो. डिफरन्सिएशन म्हणजे गिरणीत दळण टाकण्यासारखं, नियम लावत गेलं की पीठ पडतंच. इंटिग्रेशनमध्ये पीठ चिमटीत घेऊन सांगायचं, कळण्याचं असेल तर ज्वारी किती आणि उडीद किती. कधी बाय पार्ट्स, कधी सब्स्टिट्यूशन, कधी पार्शल फ्रॅक्शन. दोन वाटा फसतात, तिसरी लागते. ते फसणं हाच अभ्यास असतो आणि स्वाती नेमकी तीच पानं फाडत होती.

"आणि उत्तर नसलंच तर?" तिने विचारलं. प्रश्न खरा होता. ई-रेझ्ड-टू-मायनस-एक्स-स्क्वेअरचं इंटिग्रेशन आपल्या ओळखीच्या फलनांत लिहिताच येत नाही. लिऊव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने 1830 च्या दशकात अशा गोष्टी सिद्ध करायचा मार्ग घालून दिला. गंमत म्हणजे वजा अनंतापासून अनंतापर्यंत त्याच वक्राखालचं क्षेत्रफळ बरोबर पायचं (π) वर्गमूळ भरतं. "म्हणजे गॅमा ऑफ हाफ? गॅमा फलनाची अर्ध्याला येणारी किंमत? ते तर मी पाठ केलंय!" त्या दिवशी पहिल्यांदा ती हसली.

सिरीजमध्येही, म्हणजे न संपणाऱ्या पदांच्या बेरजेतही, तसंच. पदं शून्याकडे जातात म्हणजे बेरीज थांबणारच, हा तिचा समज. एक, एक द्वितीयांश, एक तृतीयांश असं मिळवत जा. तिसरं-चौथं पद मिळून अर्ध्याहून जास्त, पाचवं ते आठवं मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त, असे अर्धे संपतच नाहीत. फक्त चाल गोगलगायीची: दहाच्या पुढे जायला 12,367 पदं लागतात.

मग ठरवलं ते थोडकंच. पान फाडायचं नाही. प्रत्येक प्रयत्नाशेजारी एक ओळ, ही पद्धत का घेतली आणि कुठे अडली. पंधरा मिनिटं झगडल्याशिवाय सोडवलेलं उत्तर उघडायचं नाही. रात्री अकराला वही बंद. आणि आप्पांनी फोनवर "पेपर कसा जाईल" विचारायचं नाही, "जेवली का" विचारायचं. हे शेवटचं आप्पांना सर्वांत जड गेलं.

मे महिन्याच्या उकाड्यात परीक्षा झाली. निकालानंतर आप्पांचाच फोन आला. एम-टू निघाला होता, फार नाही, पण निघाला. केटी लागली ती ड्रॉइंगमध्ये. "त्याची पण रफ वही आणू का मॅडम?" त्यांनी विचारलं. म्हटलं, नको आप्पा, मला सरळ रेघसुद्धा ओढता येत नाही.