इंदूरच्या प्रेसमधून आलेल्या मराठी लग्नपत्रिकेत प्रत्येक वाक्याशेवटी उभा दंड (।) आहे. तो चालेल का?

चालणार नाही, निमंत्रणाच्या गद्य मजकुरात सगळीकडे पूर्णविराम (.) करून घ्या. वाक्याशेवटी दंड ही आज हिंदीची रीत. दिवसभर हिंदी कंपोझ करणारा ऑपरेटर सवयीनं तोच टाकतो. जुन्या मोडी कागदांत शब्दांमध्ये जागासुद्धा सोडत नसत, तिथे विरामचिन्हं कुठली! पोथ्यांमध्ये दंड होता, पण मुख्यतः श्लोकासाठी: अर्ध्यावर एक, शेवटी दोन. 19व्या शतकात छापील मराठी गद्य वाढलं तेव्हा इंग्रजी धर्तीची चिन्हं आली. ती रुजवण्याचं श्रेय इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांना देतात. हिंदीनं स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह घेतलं, दंड मात्र सोडला नाही.

पद्याला हा नियम नाही. मंगलाष्टक, ओवी, अभंग आणि वरचं ॥ श्री ॥ यांतले दंड तसेच हवेत. म्हणून ऑपरेटरला एकगठ्ठा ‘रिप्लेस ऑल’ करू देऊ नका, श्लोकातलेही उडतील. शिवाय काही जण दंडाऐवजी कीबोर्डावरची | ही रेघ मारतात. ती बऱ्याच फाँटमध्ये अक्षरांच्या खाली लोंबते. खरा दंड इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डात) शिफ्ट दाबून टिंबाच्या कळीवर मिळतो. प्रूफ हातात आहेच, तर ‘स्थळ’ आणि ‘मुहूर्त’ यांच्यापुढचं चिन्हही बघा: अपूर्णविरामाऐवजी (:) विसर्ग (ः) पडला की ‘स्थळः’ होतं, आणि पत्रिकांमध्ये ही चूकही सापडते.