एनएसएचा कोड वापरावा का?

अरे, एसईलिनक्स (लिनक्समध्ये कोणत्या प्रोग्रॅमला काय करता येईल यावर बंधनं घालणारी सुरक्षा व्यवस्था) एनएसए या अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने लिहिलंय एवढ्यावरून ते बंद करू नकोस. 2000 साली त्यांनी ते खुलं केलं, 2003 मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये आलं आणि बाहेरचे लोक तेव्हापासून त्यात हात घालत आलेत.

मला खरी धास्ती वाटते ती गणिताची. ड्युअल ईसी डीआरबीजी बघ, एनएसएनेच पुढे केलेली, गुप्त किल्ल्यांसाठी यादृच्छिक आकडे बनवायची पद्धत. अमेरिकी सरकारी मानकात तिच्यासाठी वक्रावरचे दोन ठरावीक बिंदू नुसते छापलेले, ते कुठून आले याचा पत्ता नाही. त्यांच्यातलं नातं ज्याला ठाऊक, त्याला पुढचे यादृच्छिक आकडे आधीच काढता येतात! 2007 मध्येच हे दाखवून दिलं होतं, मानकातून काढायला मात्र 2014 उजाडलं. म्हणून पॅचमध्ये (कोणी पाठवलेल्या कोडच्या बदलात) असा स्थिरांक, म्हणजे कुठून आला ते न सांगता दिलेला ठरावीक आकडा, दिसला की तो कसा काढला ते विचार. उत्तर मिळेपर्यंत मंजुरी देऊ नकोस, पाठवणारा कोणीही असो.

घिड्रा, म्हणजे तयार प्रोग्रॅम उलगडून आत काय चाललंय ते बघायचं एनएसएचंच साधन, मात्र जरूर शिक.