वर फेकलेला दगड आणि ऋण चिन्ह

आपला प्रश्न असा आहे: गोदावरीवरील पुलाच्या कठड्यावरून दगड सेकंदाला ५ मीटर वेगाने सरळ वर फेकला आणि तो २ सेकंदांनी पाण्यात पडला, तर कठडा पाण्यापासून किती उंच आहे? आपले उत्तर २९.६ मीटर आले, पुस्तकात ९.६ मीटर दिले आहे.

विस्थापन (जागेतील बदल, दिशेसह) = सुरुवातीचा वेग × काळ + ½ × त्वरण × काळ² हे सूत्र आपण योग्यच निवडले आहे; फक्त गुरुत्व त्वरणाचे चिन्ह चुकले आहे. वरची दिशा एकदा धन मानली, की सुरुवातीचा वेग +५ आणि त्वरण −९.८ होते, आणि दगड वर जात असो वा खाली येत असो, हे त्वरण बदलत नाही. सर्वोच्च बिंदूवर वेग क्षणभर शून्य होतो, त्वरण नव्हे. तेही शून्य झाले असते तर दगड तेथेच थांबून राहिला असता. म्हणूनच चढ आणि उतार यांचे दोन तुकडे करण्याची गरज नाही. विस्थापन = ५ × २ − ½ × ९.८ × २² = १० − १९.६ = −९.६ मीटर, म्हणजे पाणी कठड्याच्या ९.६ मीटर खाली आहे. पडतानाचा वेग ५ − १९.६ = −१४.६ येतो. त्याचा वर्ग २१३.१६, आणि सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × विस्थापन, म्हणजे २५ + २ × ९.८ × ९.६ (दोन्ही ऋण चिन्हे गुणाकारात जातात), हेही तितकेच. असा पडताळा नेहमी घ्यावा.

हेच उदाहरण उलट सोडवून, म्हणजे उंची देऊन काळ विचारल्यास, वर्गसमीकरणातून २ सेकंद आणि सुमारे −०.९८ सेकंद अशी दोन उत्तरे मिळतात. दुसरे उत्तर आपल्या प्रश्नापुरते सोडून द्यावे लागते, पण ते निरर्थक नाही, आणि मला तर या प्रकरणातील हा सर्वांत सुंदर भाग वाटतो: पाण्याच्या पातळीवरून ०.९८ सेकंद आधी १४.६ च्या वेगाने वर फेकलेला दगड कठड्याजवळून नेमका ५ च्या वेगाने वर गेला असता.

मात्र त्वरण स्थिर असेपर्यंतच ही समीकरणे लागू पडतात. मुंबई-आग्रा महामार्गावर ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जाणाऱ्या बसला ब्रेकमुळे −५ त्वरण मिळाले, तर ६ सेकंदांत ती किती अंतर जाईल? सूत्रात ६ घातल्यास ३० मीटर येतात, कारण थांबलेली बस मागे येऊ लागते असे सूत्र गृहीत धरते. बस प्रत्यक्षात चौथ्या सेकंदाच्या अखेरीस ४० मीटरवर थांबते आणि तेथेच राहते, म्हणून उत्तर ४० मीटर.