युरिया पाण्यावर फेकू नका, चिखलात पुरा

प्रश्न : "मॅडम, 30 गुंठे भात आहे. लावणीनंतर बारा दिवसांनी युरियाची एक गोणी फेकली. आठवडाभर पीक काळंशार दिसलं, मग मुसळधार पाऊस झाला आणि परत पिवळं पडलं. आणखी एक गोणी मारू का? आणि सौरऊर्जेवर बनलेलं खत येणार म्हणतात, ते काय आहे?" – एक शेतकरी, ता. मुरबाड

दादा, दुसरी गोणी आत्ता मारू नका.

आधी पान बघा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी पडलंय. वरची कोवळी पानं पिवळी असतील तर लोह किंवा गंधकाची कमतरता असू शकते, तिथे युरिया ओतून काही होत नाही.

आता हिशोब करू. 45 किलोच्या गोणीत 20 किलोच्या वर नत्र असतं. सुधारित जातीला हेक्टरी 100 किलो नत्र तीन हप्त्यांत द्यायचं. म्हणजे तुमच्या 30 गुंठ्यांना फुटव्यांच्या वेळी साधारण 26 किलो युरिया पुरे होता. तुम्ही पावणेदोनपट दिलात, तोही साचलेल्या पाण्यावर. अशा पाण्यात शेवाळ असतं. दुपारच्या उन्हात त्या पाण्याचा सामू (पीएच) चढतो आणि युरियापासून तयार झालेला अमोनिया हवेत उडून जातो. उरलेला बांधावरून ओढ्याला लागतो. भातात फेकलेल्या युरियातलं जेमतेम तीस-चाळीस टक्के नत्र पिकाच्या पोटात जातं. काही भागाचा नायट्रस ऑक्साइड होतो, जो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट जड आहे. म्हणून ही चूक मला फक्त तुमच्या खिशाची वाटत नाही.

खालची पानं पिवळी असतील, तर सध्या एवढंच करा. पाऊस उघडला की खाचरातलं पाणी काढा, 10-12 किलो युरिया द्या आणि दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा अडवा. जास्त दिलात तर तपकिरी तुडतुडे आणि करपा येईल, आणि परतीच्या पावसात पीक आडवं होईल.

पुढच्या वर्षी मात्र ब्रिकेट वापरा, ही माझी कळकळीची विनंती आहे. युरिया आणि डीएपी (नत्र आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, देणारं खत) दाबून केलेली ही 2.7 ग्रॅमची गोळी चारसूत्री, म्हणजे चार नियमांच्या भातशेतीतलं एक सूत्र आहे. लावणी दोरीवर, 15 आणि 25 सेंटिमीटर असं आलटून-पालटून अंतर ठेवून करायची. 15 सेंटिमीटरच्या चौकोनात चार चूड (रोपांचे झुबके) येतात, त्यांच्या मधोमध एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात खोचायची. लावणीच्याच दिवशी, चिखल मऊ असताना. तिथे हवा पोचत नाही, त्यामुळे अमोनिया मातीला धरून राहतो आणि मुळं त्याला शोधत जातात. गुंठ्याला 625 गोळ्या, म्हणजे सुमारे 1.7 किलो. तुमच्या शेताला 51 किलो झाल्या. त्यातलं नत्र 17 किलोच्या आसपास, म्हणजे तुमच्या एका गोणीपेक्षा कमी, आणि ते पिकाला शेवटपर्यंत पुरतं. स्फुरदही त्यातच मिळतं. वाकून गोळ्या खोचायला माणसं जास्त लागतात, हे मी लपवत नाही. पण नंतर खत मारायच्या फेऱ्या वाचतात. पाणी न धरणाऱ्या रेताड खाचरात मात्र हा खटाटोप करू नका.

बांधावर गिरिपुष्प असेल तर चिखलणीच्या आठ दिवस आधी गुंठ्याला 30 किलो कोवळा पाला पसरा आणि चिखलणीत गाडा. फांद्या काढून घ्या.

आता सौरऊर्जेचं. आज अमोनिया नैसर्गिक वायूपासून बनतो. वायूतला हायड्रोजन आणि हवेतलं नत्र प्रचंड दाबाखाली, चार-पाचशे अंश तापमानात एकत्र आणतात. अलिबागजवळ थळला युरियाचा मोठा कारखाना आहे, तोही वायूवरच चालतो, आणि देशाला बराच वायू बाहेरून आणावा लागतो. तुम्हाला गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, बाकीचा भार सरकारी अनुदानावर पडतो. सूर्य किंवा वाऱ्याच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढला तर त्यापासूनच्या अमोनियाला हरित अमोनिया म्हणतात. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला जानेवारी 2023 मध्ये मंजुरी मिळाली. डीएपीसारख्या खतांत हा अमोनिया सरळ चालेल. युरियात कार्बनही लागतो, आणि तो शेतात टाकल्यावर पुन्हा हवेत जातो. त्यामुळे युरिया पूर्ण हरित करणं जास्त अवघड आहे. आणि हरित अमोनियाचं खतही पाण्यावर फेकलं तर तसंच उडून जाईल.

भिवंडीहून एका ताईंनी नॅनो युरियाबद्दल विचारलंय. ताई, बाटलीतलं नत्र ग्रॅममध्ये मोजतात, गोणीतलं किलोमध्ये. फवारणीतून, पूरक म्हणून वापरा, पायाभूत खत त्यावर सोडू नका.

दादा, भात कापल्यावर ओलीवर वाल टाकाल, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात. त्याआधी मातीचा नमुना तपासणीला द्या. बांध आणि उकिरड्यापासून दूर, आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खणून माती एकत्र करा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो पिशवीत भरून आणा.