बॅटलफिल्ड ६ सकाळी नीट चालतो, दुपारी अटकतो. आरटीएक्स ३०५० वर ग्राफिक्सची सेटिंग नेमकी काय ठेवू?

भाऊ, तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो. राहता चाळीसगावला. आय५-१२४००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅमची एकच स्टिक, १०८०पी १४४ हर्ट्झ मॉनिटर. सकाळी सेकंदाला ७०-७५ फ्रेम मिळतात, दुपारी त्याच मॅपवर ४० पर्यंत घसरतात आणि मध्येच झटके बसतात. सगळं 'लो' करून पाहिलं, तरी दुपारचा त्रास तसाच. शेवटी सिक्युअर बूटचंही विचारलंय.

मी भुसावळचा. मित्रमंडळींचे पीसी जोडून द्यायचे, गेम बसवून द्यायचे, हा माझा जुना छंद आहे, आणि उन्हाळ्यात येणाऱ्या तक्रारी बहुतेक तुमच्यासारख्याच असतात. गेम तोच, सेटिंग तीच; सकाळ आणि दुपार यांत बदललं ते खोलीचं तापमान. त्यातून 'लो' करूनही फरक पडत नसेल, तर अडचण ग्राफिक्स कार्डाच्या अलीकडे, प्रोसेसर आणि रॅमकडे असण्याची शक्यता जास्त. म्हणून सेटिंगच्या पानावर जाण्याआधी नेमकं कोण दमतंय ते बघायला हवं. हे न बघता यूट्यूबवरची 'बेस्ट सेटिंग' उतरवून घेण्यात काही अर्थ नाही. ती मंडळी एसीत बसलेली असतात.

बघायचं कसं? एनव्हिडिया अॅप टाका आणि गेम चालू असताना ऑल्ट + आर दाबा. कोपऱ्यात आकडे दिसतील: फ्रेम, कार्डाचा वापर, तापमान, प्रोसेसरचा वापर. भर दुपारी, माणसांनी भरलेल्या ६४ खेळाडूंच्या कॉन्क्वेस्ट या खेळप्रकारात हे बघा. रिकाम्या फायरिंग रेंजवर घेतलेले आकडे काही कामाचे नाहीत. कार्डाचा वापर ९७-९९ टक्के असेल तर कार्ड पूर्ण ताकदीने चाललंय आणि ग्राफिक्स कमी केल्याचा फायदा होईल. वापर ७०-८० वर रेंगाळतोय आणि फ्रेमही कमी आहेत, तर कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघतंय. खात्री करायची तर रिझोल्यूशन थोडा वेळ ७२०पी करून बघा. तरीही फ्रेम वाढल्या नाहीत तर दोष प्रोसेसरच्या बाजूलाच आहे. इथे प्रोसेसरचा एकूण टक्का बघून फसू नका. १२४००एफला ६ कोअर आणि १२ थ्रेड आहेत. एकूण वापर ६० टक्के दिसत असतानाही गेमचा मुख्य थ्रेड पूर्ण अडकलेला असू शकतो.

आता उष्णता. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३८-४० अंश सहज असतात. पीसीचा पंखा कितीही जोरात फिरला तरी तो खोलीतलीच हवा आत ओढतो. खोली १५ अंशांनी तापली की कार्ड आणि प्रोसेसरही जवळपास तितकेच वर चढतात. जानेवारीत ६५ वर शांत बसणारं कार्ड मेमध्ये ८० ओलांडतं. एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ अंशांच्या आसपास स्वतःचा क्लॉक, म्हणजे वेग, खाली आणू लागतात. १२४००एफची मर्यादा १०० अंशांची आहे, पण सोबत मिळणाऱ्या छोट्या कूलरमध्ये धूळ बसली की तोही तिथपर्यंत पोचतो. शिवाय स्वस्त एच६१० बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर अनेकदा हीटसिंकच नसतो. तो भाग तापला की बोर्ड प्रोसेसरची वीज कमी करतं. अशा वेळी प्रोसेसरचं तापमान ठीक दिसतं, पण क्लॉक पडलेला असतो. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेगही बघा. सकाळी ४ गिगाहर्ट्झवर असलेला आकडा दुपारी ३ च्या खाली आला असेल तर तुमचा चोर सापडला.

उपाय साधे आहेत. कॅबिनेटचं पुढचं जाळीचं झाकण काढून झाडा. कपाशीच्या हंगामात उडणारा तंतू या जाळीवर थर धरतो आणि तो बाहेरून दिसत नाही. पुढून हवा आत, मागून बाहेर, असे किमान दोन पंखे हवेत. टेबलाच्या बंद खणात कॅबिनेट असेल तर आजच बाहेर काढा. आणि एक गोष्ट आपल्या भागात हमखास होते: पाण्याचा कूलर थेट पीसीवर मारतात. तसं करू नका. ओलसर हवेत धूळ चिकटून बसते आणि बोअरच्या क्षारी पाण्याचे तुषार उडत असतील तर बोर्डावर पांढरा थर येतो. कूलर खिडकीत ठेवा, समोरची खिडकी उघडी ठेवा, खोली थंड होऊ द्या. पीसी त्या झोतात नको.

याच्या जोडीला एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर घ्या आणि कार्डाची पॉवर लिमिट ८५ टक्क्यांवर आणा. फ्रेम थोड्याच कमी होतात, तापमान मात्र बऱ्यापैकी उतरतं. उन्हाळ्यापुरतं हे मी सगळ्यांना लावून देतो.

रॅमचं सांगतो, कारण तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त हेच खटकलं. एकच स्टिक म्हणजे सिंगल चॅनल. प्रोसेसर आणि रॅममधला रस्ता निम्मा. ६४ माणसं, उडणारी विमानं, पडणाऱ्या भिंती, हे सगळं प्रोसेसरला दर फ्रेमला मोजायचं असतं, आणि अशा गेममध्ये निम्मा रस्ता झटक्यांच्या रूपाने जाणवतो. तशीच, त्याच वेगाची दुसरी स्टिक लावा. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात. मग बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २६६६ किंवा त्याहून कमी वेगाने पळत राहते. तुमच्याकडे खर्चाला थोडेच पैसे असतील तर नवीन कार्डाआधी ते इथे घाला.

आता कार्ड. 'आरटीएक्स ३०५०' या एकाच नावाने दुकानात दोन वेगळी कार्डं मिळतात: ८ जीबीचं आणि २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं. दुसऱ्यात नुसती मेमरीच कमी नाही, कोअरही कमी आहेत आणि वीजही निम्म्याच्या आसपास, ७० वॉट घेतं. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर 'डेडिकेटेड' मेमरी किती लिहिलीय ते बघा. बॅटलफिल्ड ६ साठी कंपनीने किमान म्हणून आरटीएक्स २०६० सांगितलंय, तेही १०८०पी, लो, ३० फ्रेमच्या हिशोबाने. ८ जीबीचं ३०५० त्याच्या जरा मागेच आहे. म्हणजे तुमचं कार्ड किमान रेषेच्या जरा खालीच उभं आहे आणि सकाळी मिळणाऱ्या ७०-७५ फ्रेम ही चांगली गोष्ट आहे. १४४ चा हट्ट या गेममध्ये सोडून द्या. मी तुम्हाला ७० फ्रेम देण्याचा प्रयत्न करतो, पण त्या दुपारी तीन वाजताही टिकायला हव्यात.

सेटिंगकडे येऊ. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, ही गोष्ट कार्डाच्या मेमरीवर अवलंबून असते. ८ जीबीवर 'हाय' ठेवा, ६ जीबीवर 'मीडियम'. मेमरी पुरत असेल तर टेक्स्चर 'लो' करून फ्रेम फारशा वाढत नाहीत, नुसतं चित्र बिघडतं. मेमरी भरली तर मात्र गेम साध्या रॅममधून माल ओढायला लागतो आणि वळताना झटका बसतो. टेक्स्चर फिल्टरिंगही हायवर चालेल.

कार्डाला खरं दमवतात त्या सावल्या, व्हॉल्युमेट्रिक म्हणजे धुकं-धूर, रिफ्लेक्शन, आणि कोपऱ्यांतली अँबियंट ऑक्लूजनची छटा. रिफ्लेक्शन आणि व्हॉल्युमेट्रिक 'लो'. ऑक्लूजन सगळ्यात हलकं. सूर्याची सावली मात्र मी 'मीडियम' ठेवतो, कारण भिंतीआडून येणाऱ्या माणसाची सावली आधी दिसते आणि त्यावर जीव वाचतो. अंडरग्रोथ, म्हणजे गवत-झुडपं, 'लो'. मेश, म्हणजे वस्तूंच्या आकाराचा बारकावा, 'मीडियम', अगदी खाली नेलं तर लांबच्या वस्तूंचा आकार बदलताना दिसतो आणि डोळा उगाच तिकडे जातो. मोशन ब्लर, फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक अॅबरेशन, व्हिन्येट सगळं बंद. त्यांनी फ्रेमला फरक पडत नाही म्हणतात, पण शत्रू ओळखायला पडतो.

डीएलएसएस 'क्वालिटी'वर लावा. १०८०पी वर क्वालिटी म्हणजे गेम आतून १२८० बाय ७२० मध्ये चित्र काढतो आणि ते मोठं करतो. 'परफॉर्मन्स' लावलं तर ९६० बाय ५४० वर जातं आणि लांबच्या टेकडीवरचा स्नायपर दोन-चार ठिपक्यांचा उरतो. त्यापेक्षा सावल्या कमी करा. अडचण प्रोसेसरची असेल तर डीएलएसएसने काहीच हाती लागणार नाही, हेही ध्यानात ठेवा. फ्रेम जनरेशनला शूटरमध्ये हात लावू नका. आकडा वाढलेला दिसतो, पण मधल्या फ्रेम बनवलेल्या असतात आणि माउसचा प्रतिसाद उलट मंदावतो. एनव्हिडिया रिफ्लेक्स, म्हणजे माउसच्या प्रतिसादातला उशीर कमी करणारी सेटिंग, 'ऑन' ठेवा. 'ऑन प्लस बूस्ट' कार्डाचा क्लॉक वर धरून ठेवतं, उन्हाळ्यात ते नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच बहुतेक जण करत नाहीत: फ्रेमला लगाम घाला. ७० फ्रेम म्हणजे दर फ्रेमला सुमारे १४ मिलिसेकंद, ४० म्हणजे २५. क्षणात १४ आणि क्षणात २५ अशी उडी हाताला जाणवते. सतत १५-१६ चं अंतर मात्र हाताच्या सवयीचं होतं आणि नेम बसतो. म्हणून सरासरी विसरा. दुपारी न मोडता टिकणारा आकडा शोधा, समजा ६५, आणि गेममध्ये तिथेच लिमिट लावा. कार्डाला श्वास मिळतो, तापमान उतरतं, आणि उतरलेल्या तापमानामुळे तो आकडा टिकतो. मॉनिटरला फ्रीसिंक (फ्रेमच्या वेगाशी जुळवून घेण्याची सोय) असेल तर डिस्प्लेपोर्टची केबल वापरून एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंक चालू करा, म्हणजे ६५ लाही चित्र फाटत नाही. विंडोजच्या 'अॅडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये १४४ निवडलेलं आहे ना, तेही बघा. नवीन विंडोज टाकल्यावर ते बऱ्याचदा ६० वर राहून जातं.

सिक्युअर बूट, म्हणजे पीसी सुरू होताना खोटं सॉफ्टवेअर रोखणारी बायोसमधली सेटिंग, हिच्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. गेम चालू होतोय म्हणजे ते झालेलं आहे, त्याला हात लावू नका. ड्रायव्हर अपडेट केल्यावर मात्र पहिल्यांदा गेम उघडला की शेडर, म्हणजे कार्डासाठीचे चित्र काढायचे छोटे प्रोग्राम, तयार होतात, ते पूर्ण होईपर्यंत मेन्यूमध्येच थांबा. घाई करून मॅच सुरू केली की पहिली मॅच झटके खात जाते आणि माणूस सेटिंगला दोष देत बसतो. माणूस पळता पळता मागे ओढला जात असेल तर तो इंटरनेटचा प्रश्न आहे, ग्राफिक्स कमी करून तो जाणार नाही.

रॅम घेण्याआधी एक करा. उद्या दुपारी झाकण उघडं ठेवून, पंखा लावून, ६५ च्या लिमिटवर एक पूर्ण कॉन्क्वेस्ट खेळा आणि कार्डाचा वापर, कार्डाचं तापमान, प्रोसेसरचा क्लॉक हे तीन आकडे इथे लिहा. कार्ड ६ जीबीचं की ८ चं तेही. क्लॉक पडत नसेल आणि कार्ड ७० टक्क्यांवरच असेल, तर दुसरी स्टिक घ्या म्हणून मी बिनधास्त सांगेन. क्लॉक पडत असेल तर ते पैसे आधी चांगल्या प्रोसेसर-कूलरला जातील.